शनिवारी उचललेला पाना

मी माझ्या सख्ख्या धाकट्या भावाचा डावा डोळा शनिवारी फोडला. वार मुद्दाम सांगतो आहे. आमच्या धर्मात शनिवार म्हणजे शब्बाथ, त्या दिवशी काम करत नाहीत, आणि मी त्याला मारलं ते तो शनिवारी काम करत होता म्हणून.

आम्ही ज्यू. मराठी ज्यू, बेने इस्राएल. अमरावतीत हे सांगितलं की माणसं आधी ख्रिश्चन समजतात, मग मुसलमान, आणि शेवटी "म्हणजे नेमके कोण बाप्पा?" असं म्हणून चहा मागवतात. वडील रेल्वेत फिटर होते. कोकणातून बदली होऊन बडनेऱ्याला आले आणि इथंच मुरले. आपले पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनिवारतेली म्हणायचं, ही गोष्ट ते आम्हाला हजारदा सांगत. साहेबाशी वाद घालून त्यांनी आठवड्याची सुट्टी शनिवारची करून घेतली होती. त्या दिवशी ते पंख्याचं बटणसुद्धा दाबत नसत. फार उकडलं तर सदरा काढून बसत.

त्यांनी आम्हा भावांवर कधी हात उचलला नाही. तेव्हा बापानं बडवलं म्हणून मी असा निघालो, असं म्हणायचीही माझी सोय नाही. राग माझा स्वतःचा. शाळेत मी एकाचे पुढचे दोन दात पाडले. बडनेऱ्याच्या स्टँडवर एका कंडक्टरला बसच्या पत्र्यावर आपटलं, कारण तो मला "ओ चाचा" म्हणाला होता आणि मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. लोक हसायचे. "डोक्यानं गरम हाय, पन मनाचा साफ हाय," असं माझ्यादेखत म्हणायचे. ते ऐकून मला बरं वाटायचं, आणि पुढच्या वेळी हात आणखी लवकर उठायचा.

वडील गेल्यावर आम्ही दोघांनी बडनेरा रोडवर मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलं. विहिरीवरची मोटार जळली की शेतकरी ती आमच्याकडे आणायचा. आम्ही जळालेली तार काढून तांब्याची नवी कॉइल भरून द्यायचो. भावाची बोटं माझ्यापेक्षा दुप्पट चालायची. गिऱ्हाइकं त्याच्यासाठी यायची आणि माझ्याशी जपून बोलायची, हे मला कळत होतं आणि झोंबतही होतं.

भर मे महिन्यातल्या एका शुक्रवारी संध्याकाळी शेंदूरजनाघाटचे एक संत्राबागाईतदार मोटार घेऊन आले. झाडं वाळायला लागली होती. मी सांगितलं, रविवारी या. शनिवारी सकाळी मी घरी प्रार्थनेला उभा राहिलो तेव्हा भाऊ घरात नव्हता. मी चालत दुकानावर गेलो. शटर अर्धं वर होतं. आत भाऊ मोटार उघडून बसला होता आणि बागाईतदार बाजूला स्टुलावर बसले होते.

"काहून उघडलं?" मी विचारलं.

"झाडं जळून राहिली ना त्याईची. दोन घंट्याचं काम हाय. बाबा असते तर..."

"बाबाचं नाव घेऊ नको."

"काहून नको घेऊ? बाबानं असं कोनाले तहानलं ठेवलं नसतं. देव काय तुह्या एकट्याचा हाय?"

बाकड्यावर पाइपपाना पडला होता, चांगला हातभर लांब. पहिला वार त्याच्या खांद्यावर बसला. दुसरा गालाच्या हाडावर बसला आणि वर सरकला. नारळ फुटावा तसा आवाज झाला. तो मोटारीवर पडला आणि त्यानं भरलेली नवी कॉइल रक्तानं भिजली. डोळ्यावर धरलेल्या त्याच्या बोटांमधून रक्त आणि आणखी काहीतरी पाण्यासारखं वाहत होतं, आणि तो "दादा, दादा" असं ओरडत होता.

आता जे सांगतो ते मी बरीच वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं. तो खाली पडलेला असताना, दादा म्हणत असताना, मी तिसऱ्यांदा पाना उचलला होता. बागाईतदारांनी मागून माझ्या कमरेला मिठी मारली आणि मला ओढून रस्त्यावर आणलं, म्हणून तो वार बसला नाही. मी थांबलो नव्हतो. मला थांबवलं होतं.

दवाखान्यात डोळा काढावा लागला. पोलिस आले तेव्हा भावानं सांगितलं की मोटार चालू करून पाहताना तिच्या पंख्याचं पातं उडून लागलं. बागाईतदारांनी मान खाली घालून तेच सांगितलं. पट्टी निघाल्यावर भाऊ घरी आला, आपले कपडे आणि वडिलांचा किद्दुशचा, म्हणजे शुक्रवारच्या आशीर्वादाचा, चांदीचा पेला पिशवीत घातला आणि अकोल्याला निघून गेला. तिथं मोर्णा नदीच्या पुलापलीकडे त्यानं स्वतःचं दुकान टाकलं. माझा नंबर त्यानं ब्लॉक करून टाकला.

मग मी धार्मिक झालो. म्हणजे होतोच, आता जास्त झालो. किप्पूरला आमच्यात पुरा दिवसभर अन्नपाण्याशिवाय उपास असतो. जुनी माणसं त्याला दारफळणीचा सण म्हणत, कारण दारं लावून घेऊन, बाहेरच्या कुणाशी न बोलता दिवस देवापुढे काढायचा. मी दरवर्षी जीभ टाळ्याला चिकटेपर्यंत उपास केला आणि दरवर्षी मला वाटलं की थोडं थोडं धुतलं जातं आहे. धुतलं काहीच जात नव्हतं. रस्त्यात कुणी हॉर्न जास्त वाजवला तरी माझा हात शिवशिवायचा, आणि मग मला भीती वाटायची. त्या माणसाची नाही, माझी.

लग्न उशिरा झालं. बायको पेणची, आमच्यातलीच. तिला मी भावाचं सगळं आधीच सांगितलं होतं, फक्त तिसऱ्या वाराचं सोडून. ती म्हणाली होती, "राग सगळ्यांनाच येतो." मग मुलगी झाली. पाच-सहा महिन्यांची असताना तिला दात येत होते. एका दुपारी बायको दळण आणायला गेली आणि मुलगी रडायला लागली. झोका दिला, गाणं म्हटलं, खुळखुळा वाजवला. ती थांबेना. पाळण्याच्या दोरीवर माझी मूठ आवळत गेली आणि ती तिडीक, ती ओळखीची तिडीक, तळपायापासून वर येऊ लागली. मी बाजूच्या खोलीत पळालो आणि कपाटाच्या आरशात मूठ घातली. बायको परत आली तेव्हा मुलगी रडतच होती आणि माझ्या मुठीतून कोपरापर्यंत रक्ताची धार लागली होती.

त्या दिवसापासून मी मुलीला उचललं नाही. एकदाही नाही. ती रांगत माझ्या पायाशी आली की मी उठून जायचो. बायको आधी रडली, मग भांडली. "बाप आहात की पाहुणे?" तिनं विचारलं. मी म्हणालो, पाहुणा बरा, निदान लवकर जातो. तिनं हातातलं ताट माझ्या दिशेनं फेकलं. बरोबरच केलं.

बडनेऱ्यात आमच्यातले आणखी एकच गृहस्थ होते, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. आम्ही त्यांना गार्डमामा म्हणायचो. ऐंशी ओलांडलेले, काठी टेकत चालायचे, पण हिब्रू असं वाचायचे की जणू समोर सिग्नल पडला आहे. सामुदायिक प्रार्थनेला आमच्यात दहा पुरुष लागतात. आम्ही दोघं होतो. तरी किप्पूरला मी त्यांच्याच घरी जायचो. मुलगी दहा महिन्यांची असताना जो किप्पूर आला, त्या सकाळी आम्ही दार लावून प्रार्थना म्हणत होतो आणि त्यांनी मध्येच पुस्तक मिटलं.

"तू एक ओळ खाल्ली," ते म्हणाले. "मांगच्या वर्षी बी खाल्ली होती. मले वाटलं, चष्मा नसन."

ओळ मी मुद्दामच खात होतो. सकाळच्या प्रार्थनेत देवाला सांगायचं असतं की तू माझ्यात घातलेला आत्मा शुद्ध आहे. रोज सांगायचं, उठल्या उठल्या. भावाचा डोळा गेल्यापासून ती ओळ माझ्या तोंडून बाहेर येत नव्हती. तोंडदेखलं म्हणायलाही लाज वाटायची. मी त्यांना हे सांगितलं, आणि मग सगळंच सांगितलं. तिसरा वारही सांगितला. पाळण्याची दोरीही सांगितली. म्हटलं, मामा, मला कुणी धरलं नाही तर मी थांबत नाही. माझ्या आत शुद्ध काय आहे?

मला वाटलं होतं, म्हातारा डोक्यावर हात ठेवेल. त्यांनी माझ्या नडगीवर काठी हाणली, आणि चांगली हाणली.

"इतके वर्स उपास करून राहिला? फुकट उपाशी मेला! किप्पूरनं देवाचे गुन्हे धुतल्या जातात. मानसाचे नाई. ज्याचा डोळा फोडला त्याच्याकडं गेला होता काय?"

"तो माझं तोंड पाहत नाही."

"मंग दाखव. तीन भले मानसं संग घे, त्याच्या दारात जाय, अन् त्याईच्या पुढ्यात माफी माग. नाई म्हनला तर परत जाय. परत नाई म्हनला तर आनखी जाय. तीनदा. तिसऱ्यांदा बी नाई म्हनला तर तू सुटला, अन् मंग पाप त्याच्यावर. हे आपल्याकडं लिहेल हाय." त्यांनी श्वास घेतला. "अन् आनखी एक आयक. शब्बाथले लोखंडी अवजाराले हात बी लावू नाई. कोनाचं रक्त काढू नाई. त्यानं मोटार उघडली, तू मानूस उघडला. मोडला कोनं शब्बाथ?"

इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ज्या पान्यानं मी शनिवार वाचवायला गेलो, त्याला त्या दिवशी बोट लावायचीही मला परवानगी नव्हती.

जाताना मी त्यांना विचारलं की माफी मिळेल न मिळेल, पण मी बदललो हे मला कळणार कसं. ते म्हणाले, "तेही लिहेल हाय. तीच जागा पाहिजे, तोच राग पाहिजे, अंगात तशीच ताकद पाहिजे, अन् तरी हात उचलला नाई पाहिजे. तवा समज. तोवर ते ओळ रोज म्हन. खोटी वाटली तरी म्हन. देवानं तुहं मत इचारलं नाई."

मी दुसऱ्या दिवशीपासून म्हणायला लागलो. खोटीच वाटायची. तरी म्हणायचो, जसं कडू औषध घ्यावं तसं. एवढं मात्र झालं की स्वतःच्या भरवशावर काही करायची गरज उरली नाही. माझ्यावर माझा विश्वास नव्हता, पण ज्यांनी हे लिहून ठेवलं त्यांनी माझ्यासारखी माणसं पाहिली होती, नाहीतर इतकं बारीक लिहिलं नसतं.

तीन भली माणसं अशी जमली: गार्डमामा, आमच्या शेजारचे वकीलकाका, आणि ते बागाईतदार. मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते म्हणाले, "माह्याच मोटारीपायी झालं ते. मी येतो." दिवाळीनंतर आम्ही चौघं अकोल्याला गेलो. बागाईतदारांनी संत्र्यांची टोपली बरोबर घेतली होती.

भाऊ दुकानात एकटा होता. डाव्या डोळ्यावर काळी काच, गालावर खळगा. मला पाहताच त्यानं टोपलीतलं संत्रं उचललं आणि माझ्या तोंडावर मारलं. मग दुसरं, मग दोन्ही हातांनी. एका डोळ्यानं नेम चुकायचा, त्यामुळे जास्त प्रसाद बाकीच्यांना मिळाला. वकीलकाकांचा चष्मा फुटला. गार्डमामांच्या टोपीवर एक फुटून रस कानात गेला. मी त्या माऱ्यातच वाक्य म्हटलं, "मी तुझा डोळा फोडला. मला माफ कर."

"नाई!" तो ओरडला.

"एक झाली," गार्डमामा कान पुसत म्हणाले.

दुसऱ्यांदा आम्ही महिन्याभरात गेलो. त्या वेळी त्यानं जाड केबलचा तुकडा घेतला आणि मला पाठीवर, दंडावर, मांड्यांवर फोडून काढलं. मी उभा राहिलो. शर्ट फाटला, वळ उठले. वकीलकाका मध्ये पडायला गेले तर त्यांनाही एक बसला. मी मागितलं, तो नाई म्हणाला. परतीच्या गाडीत मी गार्डमामांना म्हटलं, मामा, पाहिलं ना? हात उचलला नाही मी.

"त्याचं काय कौतुक सांगतं? तुले राग कोठी आला होता? मार खाऊन तुले बरं वाटून राहिलं होतं."

खरं होतं ते. मला इतकं हलकं वाटत होतं की मी गाडीत दोन वडे खाल्ले होते.

पुढं जे झालं ते फक्त आमच्यातच होऊ शकतं. भावाला कायदा माझ्याइतकाच पाठ होता. एकाच बापानं शिकवलेला. तिसऱ्यांदा नाही म्हटलं की मी सुटणार आणि पाप त्याच्या डोक्यावर येणार, हे त्याला ठाऊक होतं. हो म्हणायचं नव्हतं. म्हणून त्यानं मला तिसऱ्यांदा मागूच द्यायचं नाही असं ठरवलं. आम्ही पुलावर दिसलो की शटर खाली. एकदा तो मागच्या भिंतीवरून उडी मारून पळाला आणि पलीकडे कुणाच्या तरी म्हशीवर पडला. एकदा मी वाक्याला सुरुवात केली आणि त्यानं समोरची मोटार चालू करून दिली. ती घरघरत राहिली आणि तो माझ्याकडे पाहत राहिला. वकीलकाका म्हणायचे, माझ्या इतक्या वर्षांच्या वकिलीत समन्स टाळणारा असा पक्षकार पाहिला नाही. हसू यायचं, पण घरी गेल्यावर मुलगी भिंतीला धरून उभी राहिलेली दिसायची आणि मी दुसऱ्या दारानं आत जायचो. अशात ती चालायला लागली. मी लांबून पाहिलं.

वर्ष असं गेलं. मग एके दिवशी बागाईतदारांचा फोन आला. त्यांची मोटार आता भाऊच भरून देत असे. "तुमच्या भावानं निरोप देल्ला," ते म्हणाले. "शनिवारी या म्हने. शनिवारीच. बाकी दिवशी भेटनार नाई."

माझं डोकं सणकलं. शनिवारी आम्ही गाडीत बसत नाही, हे त्याला ठाऊक होतं. मी गार्डमामांकडे गेलो आणि म्हटलं, त्याला मला खाली पाडायचं आहे. त्यांनी काठी जवळ ओढून घेतली. मग म्हणाले, "शुक्रवारी दिवसाउजेडी जाऊ. स्टेशनापाशी लॉजवर राहू. शनिवारी चालत जाऊ. चालाले मनाई नाई." ऐंशी ओलांडलेला माणूस हे म्हणत होता.

आम्ही तसंच केलं. शनिवारी सकाळी लॉजवर प्रार्थना झाली आणि आम्ही चौघं अकोल्याच्या उन्हातून निघालो. मामा चार ठिकाणी बसले. पूल ओलांडताना वकीलकाकांनी त्यांना जवळजवळ उचललंच. दुकानाचं शटर अर्धं वर होतं.

आत भाऊ मोटार उघडून बसला होता. मी उंबऱ्यातच थांबलो. बाकडं तसंच मांडलं होतं, स्टूल तसंच बाजूला होतं, आणि बाकड्याच्या कडेला, माझ्या हाताच्या अंतरावर, पाइपपाना ठेवला होता. तेव्हा मला कळलं की त्यानं मला कशासाठी बोलावलं आहे. तीच जागा, तोच राग, आणि हात उचलतो का ते पाहायचं, तेही त्यानं वाचलेलं होतं.

"ये," तो म्हणाला. "पाय, मी शनिवारचं काम करून राहिलो."

त्याच्यासमोर वडिलांचा पेला होता. दर शुक्रवारी संध्याकाळी ज्यात मनुकांचं शरबत भरून वडील आशीर्वाद म्हणत आणि मग आम्हा दोघांना एकेक घोट देत, तो चांदीचा पेला. त्यात त्यानं कॉइलला लावायचं वार्निश भरलं होतं. कडेवरून काळे ओघळ आले होते. त्यानं ब्रश त्यात बुडवला, मग बिडी पेटवली, दोन झुरके घेतले आणि ती पेल्यात विझवली.

"तळ जाड हाय याचा," तो म्हणाला. "कामाचा हाय. तो बुढा मरेस्तोवर तं काही कामाचा नव्हता."

बुढा. आमच्या बापाला. मी पुढं झालो तसा तो उठला आणि त्यानं माझ्या तोंडात मारली. मग उलट्या हाताची दुसरी. ओठ फाटला. पाना त्यानं माझ्याकडे सरकवला. "घे ना. घे! काहून थांबला? आता डोळा एकच हाय, नेम सोपा हाय."

या वेळी राग आला. मला वाटलं होतं, इतक्या उपासांनी, इतक्या सकाळच्या प्रार्थनांनी तो मेला असेल. तो तस्साच होता, एक तोळाही कमी नाही. डोळ्यांपुढे लाल झालं, कानात घण पडायला लागले. मला त्याचं उरलेलं तोंड फोडायचं होतं, हे मी अगदी स्पष्ट सांगतो. बागाईतदार पूर्वीसारखेच मागून माझ्याकडे झेपावले. गार्डमामांनी त्यांच्या छातीवर काठी आडवी धरली.

"धरू नका त्याले," ते म्हणाले. "कोनी धराचं नाई."

माझा हात पान्याकडे गेला. वर, वीतभर अंतरावर. तिथं तो थांबला. लोकांना वाटतं की अशा वेळी आईचा चेहरा आठवतो, किंवा दया येते. मला दया आली नाही. मला एवढंच आठवलं की आज शनिवार आहे, आज याला हात लावायचा नाही. मी चांगला माणूस आहे की वाईट, याचा तिथं संबंधच नव्हता. लावायचा नाही म्हणजे नाही. बोटं वाकलेली होती, आणि मी ती एकेक करून मागं घेतली. मला कुणीही धरलेलं नव्हतं.

मग मी म्हटलं. "मी तुझा डोळा फोडला. आणि तू खाली पडल्यावर, दादा दादा म्हणत होतास तेव्हा, मी तिसऱ्यांदा पाना उचलला होता. मला यांनी ओढलं नसतं तर मी तुला मारून टाकलं असतं. मला माफ कर."

"माहीत हाय मले," भाऊ म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "एक डोळा होता ना माह्यापाशी. त्यानं तुलेच पाहून राहिलो होतो मी."

मी तिथंच फरशीवर बसलो आणि हुंदके देऊन रडलो. ओठातलं रक्त शर्टावर पडत होतं. भावानं पेल्यातलं वार्निश एका डब्यात ओतलं आणि शर्टाच्या टोकानं पेला पुसायला लागला. वार्निश निघत नव्हतं. तरी तो बराच वेळ पुसत राहिला.

"पोरगी झाली म्हने तुले," तो पेल्याकडे पाहतच म्हणाला. बागाईतदारांच्या पोटात काही राहत नसे.

"हो."

"तिले हात लावत नाई म्हने."

मी मान हलवली. तो एकदम उसळला. पेला त्यानं बाकड्यावर असा आदळला की पाना खाली पडला.

"काहून? माहा डोळा गेला तो गेला. आता तिचा बाप बी घालवतं काय?"

माफ केलं असं तो म्हणाला नाही. आजवर म्हणालेला नाही. नाही असंही म्हणाला नाही, आणि गार्डमामांनी त्या दिवशी मोजलं नाही.

रविवारी दुपारी मी घरी पोचलो. मुलगी ओसरीवर वाट्या मांडून खेळत होती. बायको तांदूळ निवडत होती. माझा सुजलेला ओठ पाहून ती उठायला लागली. मी तिला खुणेनं बसवलं, चपलासुद्धा न काढता वाकलो आणि मुलीला दोन्ही हातांनी उचललं. ती घाबरली. हा माणूस रोज घरात दिसतो, पण यानं कधी हात लावला नव्हता. ती जिवाच्या आकांतानं किंचाळली, पोटात लाथा मारल्या, माझे केस उपटले, आणि काही चालेना तेव्हा आपले सगळे दात माझ्या खांद्यात रोवले. माझ्या अंगात पुन्हा ती तिडीक उठली. मी तिला खाली ठेवलं नाही.